पोटातले दिवस

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधील रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. भोवतालच्या वस्त्यांत शेकडो स्त्रिया तेव्हा गरोदर होत्या. जन्मास न आलेल्या जिवांवर काय ओढवले, याचा हिशोब करावयाचा कसा? मृत्यू मोजता येतात. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गर्भवतींची पुढे पाहणी झाली. त्यांपैकी शेकडा ४३ जणींच्या पोटी जिवंत मूल आले नाही. जी ४८६ मुले जिवंत जन्मली, त्यांतील शेकडा १४ महिन्याभरात दगावली. आधीच्या दोन वर्षांत याच स्त्रियांच्या बाळंतपणांत हे प्रमाण शेकडा तिनाहून अधिक नव्हते.

परंतु जे मूल जगले आणि हातात घेताच हलके लागले, त्याचे काय? ते दिवस भरण्याआधी आले, की पूर्ण दिवस राहूनही पोटात खुंटले? अपुऱ्या दिवसांच्या मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. खुंटलेल्या मुलाची ती बहुधा तयार असतात, पण त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. वैद्याने कोणाची कशी राखण करावी, हे या एका प्रश्नावर ठरते.

गंमत अशी की, वैद्यकाने हा भेद बराच काळ मनावर घेतलाच नव्हता. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने अडीच किलो वा त्याहून कमी वजनाचे मूल ते अपुऱ्या दिवसांचे, असे ठरवून टाकले. जेथे आईच अर्धपोटी, त्या आपल्या देशात ही व्याख्या किती फसवी! १९६१ साली संघटनेने ती सुधारली आणि अशा मुलास नुसते 'कमी वजनाचे' म्हणावे, असे सुचविले. दोन वर्षांनी डेन्व्हरच्या लुला लुबचेंको यांनी गर्भाचे आठवडे आणि वजन यांचा आलेख मांडला.

आठवडे मात्र कळावेत कसे? पाळीची तारीख आईच्या ध्यानात असतेच असे नाही. शिवाय भोपाळात उरलेला वायू निकामी करण्याचे काम १६ डिसेंबरला सुरू व्हावयाचे होते. त्या धास्तीने लाखो माणसे शहर सोडून गेली. अशा धावपळीत तारखा कोण जपणार? तेव्हा साक्ष उरते ती बाळाच्याच अंगाची. १९७० साली लिली व व्हिक्टर डुबोविट्झ या दांपत्याने अशी २१ चिन्हे निवडली : तळव्यावरील रेषा, कानाच्या पाळीचा ताठपणा, स्तनाची गाठ, अंगावरची लव, हातपाय आखडून धरण्याची ढब. १९७९ मध्ये जीन बॅलर्ड यांनी ती बारांवर आणली. दोन आठवड्यांची चूक तरीही संभवते. पण यास न यंत्र लागते, न वीज.

पुढे मापाच्या पट्टीचाच प्रश्न आला. सुदृढ, पोटभर जेवणाऱ्या मातांची मुले जगभर किती वाढतात, हे पाहण्यासाठी आठ देशांतील आठ शहरे निवडली गेली; भारतातून नागपूर. तेथे गर्भाचे दिवस सोनोग्राफीने वेळीच ताडून घेतले होते. वीस हजारांहून अधिक नवजातांच्या मापांवरून ही पट्टी २०१४ साली प्रसिद्ध झाली.