एमाची चिठ्ठी आणि चार्ल्सचं पुस्तक

आज आपण एक जुना वाद घेणार आहोत. माणूस कुठून आला? देवाने घडवला, की हळूहळू बदलत बदलत झाला?

शाळेत जाणारी मुलं हा प्रश्न घरी घेऊन येतात. नातू म्हणतो, "आज्जी, माणूस माकडापासून झाला." आज्जी म्हणते, "मेल्या, तुझा आजा काय माकड होता?" सगळे हसतात आणि विषय तिथंच राहतो. पण हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. याच्यावरून देवापुढे दिवा लावणाऱ्या बाईला घरात अडाणी ठरवलं जातं. नाहीतर चार बुकं शिकलेल्या मुलीला "लई शहाणी झालीस" म्हणून गप्प बसवलं जातं. म्हणून आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका नवरा-बायकोची हकीकत सांगणार आहोत. ज्या घरात हा सगळा विचार वाढला, त्याच घरात त्याच्याशी न पटणारी बाई राहत होती. ती होती त्या शास्त्रज्ञाची बायको.

शास्त्रज्ञाचं नाव चार्ल्स डार्विन. जन्म 12 फेब्रुवारी 1809. वडील नामांकित डॉक्टर. त्यांनी चार्ल्सला आधी डॉक्टरकीला घातलं, ते त्याला जमलं नाही. मग पाद्री व्हावं म्हणून केंब्रिजला पाठवलं. पाद्री होण्याआधीच, डिसेंबर 1831 मध्ये, तो 'बीगल' नावाच्या जहाजावर चढला आणि पाच वर्षं पृथ्वीभर फिरून 1836 मध्ये परतला. वाटेत दक्षिण अमेरिकेजवळची गालापागोस बेटं लागली. तिथं बेट बदललं की कासवाची पाठ वेगळी दिसायची, पक्ष्याची चोच वेगळी असायची. देवाने प्रत्येक प्राणी एकदाच आणि कायमचा घडवला, तर शेजारशेजारच्या बेटांवर एवढे थोडे थोडे फरक कशाला, असा प्रश्न घरी आल्यावर त्याच्या मनात घर करून बसला.

त्याच सुमाराला लग्नाचा विषय निघाला. मुलगी होती एमा वेजवुड, चार्ल्सच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवीन नाही, तिकडेही तेव्हा चालत असे. एमा त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी, शिकलेली आणि मनापासून श्रद्धाळू होती. तिची लाडकी बहीण फॅनी 1832 मध्ये गेली होती. मेल्यावर स्वर्गात बहीण पुन्हा भेटेल, या विश्वासावर एमाने ते दुःख सोसलं होतं.

चार्ल्सच्या वडिलांनी त्याला व्यवहारी सल्ला दिला: तुझ्या मनातल्या शंका बायकोला सांगू नकोस, संसारात दुःख होतं. चार्ल्सने हा सल्ला मानला नाही. लग्नाआधीच त्याने एमाला सगळं सांगून टाकलं. एमाला वाईट वाटलं, पण तो लपवत नाही याचा तिला आधारही वाटला. 29 जानेवारी 1839 रोजी त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत एमाने त्याला एक चिठ्ठी लिहिली. एका घरात राहून चिठ्ठी कशाला? काही गोष्टी तोंडाने बोलायला गेलं की रडू येतं किंवा भांडण होतं, म्हणून. त्या चिठ्ठीचा आशय असा होता: तू प्रामाणिकपणे सत्य शोधतो आहेस, तेव्हा तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण शास्त्राच्या कामात पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय तुला लागली आहे. ज्या गोष्टी तशा पुराव्याने सिद्ध होण्यासारख्याच नाहीत, त्यांनाही तू तेच माप लावत नाहीस ना, याचा विचार कर. आणि शेवटी तिच्या मनातली खरी भीती होती: मेल्यानंतर आपली ताटातूट तर होणार नाही ना?

चार्ल्सने ती चिठ्ठी जन्मभर जपून ठेवली. तिच्याखाली त्याने आपल्या हाताने लिहून ठेवलं होतं की, मी मेल्यावर तुला कळू दे, ही चिठ्ठी किती वेळा मी ओठांना लावली आणि तिच्यावर रडलो.

पुढे ही दोघं लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन नावाच्या खेड्यात राहायला गेली. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. तिथं चार्ल्सचं काम चालू होतं. आता त्याचं म्हणणं काय होतं ते आपल्या रानातल्या भाषेत बघू.

आपण ज्वारीचं बी कसं धरतो? भरलेलं, टपोऱ्या दाण्याचं कणीस बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी तेच पेरतो. असं वर्षानुवर्षं केलं की वाणच बदलतो. शेळीचं, कोंबडीचंही तसंच. डार्विन म्हणाला, माणूस निवडतो तशी निवड निसर्गातही होते. एका पोटची पिल्लंही अगदी एकसारखी नसतात. ज्याचा फरक त्या जागी उपयोगी पडतो ते पिल्लू जगतं, त्याला पिल्लं होतात, आणि तो फरक पुढं जातो. असं लाखो वर्षं चाललं की जातच वेगळी होते. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

हे आपण डोळ्यांनी पाहिलेलंही आहे. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मरत होती. पण हजारो अळ्यांत एखादी अशी निघते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिचीच प्रजा वाढली. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, त्याच्यामागे हेच होतं.

आणि माकडाचं काय? आज झाडावर बसलेल्या माकडापासून माणूस झाला, असं शास्त्र म्हणतच नाही. आपण आणि चुलत भावंडं एकमेकांपासून जन्मत नाही, पण आपला आजा एकच असतो. तसंच माणूस आणि माकड यांचा फार फार जुना पूर्वज एक होता, एवढंच शास्त्राचं म्हणणं आहे.

1844 मध्ये डार्विनने हे सगळं लिहून काढलं आणि एमासाठी एक पत्र ठेवलं: मी अचानक गेलो तर हे छापून घे, त्यासाठी 400 पौंड बाजूला काढ. मैत्रिणींनो, यावर थोडं थांबून विचार करा. ज्या लिखाणामुळे बायकोचा स्वर्गावरचा विश्वास डळमळू शकतो, ते लिखाण त्याने तिच्याच हवाली केलं. तिनेही ते वाचलं. जिथं समजलं नाही, पटलं नाही, तिथं कडेला तसं लिहिलं. डोळ्यासारखा नाजूक अवयव हळूहळू कसा घडला असेल, हे जिथं लिहिलं होतं, तिथं तिने शेरा मारला की हे फारच गृहीत धरलं आहे. तिने कागद फाडले नाहीत की देवाची शपथही घातली नाही. तिने विचारलेला प्रश्न हा पुराव्याचा प्रश्न होता. पुढे पुस्तकात डार्विनने डोळ्याची ही अडचण स्वतःच मांडली, आणि नुसता उजेड-अंधार कळणाऱ्या साध्या डोळ्यापासून चांगल्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवून तिचं उत्तर दिलं.

1851 मध्ये त्या घरावर मोठा घाव बसला. दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारी पडली. उपचारासाठी चार्ल्स तिला मॉल्व्हर्न गावी घेऊन गेला होता. एमाचे दिवस भरत आले होते, तिला जाता आलं नाही. 23 एप्रिलला ॲनी गेली. आईला लेकीचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. दयाळू देवावरचा चार्ल्सचा उरलासुरला विश्वास या मृत्यूने गेला, असं अनेक इतिहासकार मानतात. एमाला मात्र देवाचाच आधार उरला. दुःख एकच होतं, पण त्यातून दोघं दोन वाटांनी गेली. तरी घर एकच राहिलं.

24 नोव्हेंबर 1859 ला पुस्तक बाहेर आलं. छापण्याआधी एमाने त्याचे कच्चे छापील कागद वाचून चुका काढायला मदत केली होती. पहिल्या छपाईच्या 1250 प्रती होत्या, त्या पुस्तकविक्रेत्यांनी एका दिवसात उचलल्या. आणि वादळ उठलं.

30 जून 1860 रोजी ऑक्सफर्ड शहरात भरगच्च सभा झाली. डार्विन आजारी होता, तो गेलाच नाही. त्याच्या बाजूने थॉमस हक्स्ली उभा होता, विरोधात बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स. सांगतात की बिशपने टोमणा मारला, तुम्ही माकडाचे वंशज आजोबांच्या बाजूने की आजीच्या? हक्स्ली म्हणाला, अक्कल असून ती अशी थट्टेत वाया घालवणाऱ्या माणसापेक्षा माकड पूर्वज असलेला परवडला. त्या सभेत कोण नेमकं काय बोललं याची शब्दशः नोंद कुणी ठेवली नाही. तरी आजही लोकांना त्या टोमण्याची गोष्ट आठवते, पुरावा काय होता हे कुणी विचारत नाही. गावच्या चावडीवरच्या भांडणातही असंच होतं ना?

पण देव मानणारे सगळेच डार्विनच्या विरोधात नव्हते, हेही आपण लक्षात ठेवू. अमेरिकेतला वनस्पतींचा मोठा अभ्यासक एसा ग्रे हा श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि तो डार्विनचा खंदा समर्थक होता. चार्ल्स किंग्स्ली नावाच्या पाद्र्याने पुस्तक वाचून डार्विनला कौतुकाचं पत्र लिहिलं. खुद्द डाउन गावचे पाद्री ब्रॉडी इनिस यांचं आणि डार्विनचं बहुतेक विषयांत पटत नसे, पण मैत्री आयुष्यभर टिकली. आपल्या गटातल्या बायकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. डाउनमध्ये गरीब कष्टकऱ्यांची एक मदतमंडळी होती. सभासद ठरलेली वर्गणी भरत आणि आजारपणात त्यातून मदत मिळे, आपल्या बचतगटाच्या जातीचीच गोष्ट. तीस वर्षं तिचा खजिनदार होता चार्ल्स डार्विन. माणसाच्या मुळाबद्दल पाद्र्याचं आणि त्याचं पटलं नाही, म्हणून गावाचं काम अडलं नाही.

डार्विन स्वतः देव नाहीच असं ठासून सांगत नसे. देव आहे की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही, असं तो म्हणे. देवाला मनापासून मानणारा माणूस उत्क्रांतीही मानू शकतो, असं त्याने 1879 च्या एका पत्रात लिहिलं. 19 एप्रिल 1882 ला तो गेला. 43 वर्षांचा संसार झाला होता. त्याच्या मागे आत्मचरित्र छापायचं ठरलं, तेव्हा धर्मावर कडक टीका करणारा मजकूर गाळावा असं एमाने मुलाला सांगितलं. 1887 मध्ये ते तसं काटछाट करून छापलं. गाळलेलं सगळं परत घालून पुस्तक काढलं ते 1958 मध्ये, नातीने, नोरा बार्लोने. आजीने झाकलं, नातीने उघडलं. आम्हाला दोघींचंही मन कळतं. पण नवऱ्याचं म्हणणं लोकांपुढे यायला सत्तर वर्षं लागली, हेही खरं.

आता आपल्याकडे येऊ. विचार एक आणि घरातली श्रद्धा दुसरी, असे संसार आपल्याकडेही झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' पत्र काढलं. पुराव्यावाचून काही मानू नका, असं ते लिहीत. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. पण या आगरकरांनी पत्नी यशोदाबाईंवर आपली मतं लादली नाहीत.

वाद अजून संपलेला नाही. जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात, एक केंद्रीय मंत्री म्हणाले की माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिला नाही, डार्विन चुकीचा आहे, शाळेतून काढा. देशातल्या विज्ञान अकादमींनी लगेच जाहीरपणे सांगितलं की हे बरोबर नाही. पुढे दहावीच्या केंद्रीय पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, तेव्हा 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून हरकत घेतली. मैत्रिणींनो, दहावीनंतर आपल्या किती मुली विज्ञान शाखेला जातात? ज्या जात नाहीत, त्यांना हा विचार पुन्हा कुणी शिकवणार नाही. म्हणून हा आपलाही प्रश्न आहे.

आमचं म्हणणं एवढंच. सजीव कसे बदलत गेले, हा पुराव्याचा प्रश्न आहे. तो मंत्र्याच्या भाषणाने सुटत नाही, आवाज चढवूनही सुटत नाही. आणि गेलेली लेक कुठं तरी सुखात आहे असं मानून एखादी माय उभी राहत असेल, तर तिला हिणवायचा अधिकार कुठल्याच शास्त्राने कुणाला दिलेला नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली बाळाच्या तापाला अंगारा आणि दवाखान्याला उशीर, हे मात्र चालायचं नाही. एमासुद्धा ॲनीच्या उपचाराच्या आड आली नव्हती.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. तुमच्या घरात न पटणारं मत बाईने मांडलं, तर ते ऐकून घेतलं जातं का? आणि तुमची लेक पुस्तकातलं नवीन काही सांगायला आली, तर आपण तिचं पूर्ण ऐकतो का? काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.