डग्ग्याचा घुमारा

पखवाजवादक नाना पानसे यांची कीर्ती आपल्या इंदुरात, होळकर दरबारी बहरली. पण त्यांचा हात आज कुणालाच ऐकता येत नाही; तो काळ ध्वनिमुद्रणाच्या आधीचा.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हाही मायक्रोफोन नव्हता. कलावंत भोंग्याच्या तोंडाशी गात. तबल्याची चाट थोडीफार उमटे, डग्ग्याचा घुमारा मात्र बुडून जाई. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि खालचे नाद तबकडीवर उतरू लागले.

मग प्रश्न आला माइकच्या जागेचा. तबला-डग्ग्याची तोंडे वर, म्हणून माइक वरून, हातभर अंतरावर. पखवाजाची तोंडे दोन बाजूंना, म्हणून माइकही दोन. फार जवळ नेला तर घुमारा फुगतो; दूर ठेवला तर सभागृहाचा प्रतिध्वनी मिसळतो.

गेल्या वर्षी मंडळाच्या भजनाचे मुद्रण मीच केले. एकच माइक, तोही गायकांपुढे. पखवाजावर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या काकांची डावी थाप आलीच नाही. चूक माझी. यंदा त्यांच्यासाठी दोन माइक राखून ठेवले आहेत. पानसे यांचा हात आपल्याला ऐकता आला नाही. काकांचा तरी नातवंडांना ऐकू यावा.