अ‍ॅस्बेस्टॉसचे शासकीय नियमन आणि ग्रामीण आरोग्य : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम भागात पावसाचे प्रमाण मोठे असल्याने घराच्या छपराचा प्रश्न तेथे नेहमीच महत्त्वाचा राहिला आहे. गवत व कौले यांच्या जोडीला पुढे सिमेंटचा पत्रा आला. तो स्वस्त होता व गंजत नव्हता. मात्र त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ही बाब वापरणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचली. याच तालुक्यांतील अनेक पिढ्या रोजगारासाठी मुंबईस गेल्या. अ‍ॅस्बेस्टॉसविषयक नियमनाचा इतिहास या दोन्ही अंगांनी तपासणे आवश्यक ठरते.

नियमनाचे टप्पे :
अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास अ‍ॅस्बेस्टोसिस, फुफ्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे रोग होतात. ते बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती होऊन कामाच्या जागी हवेतील तंतूंची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ नुसार जीविताच्या हक्काचा भाग मानला. कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा निर्देशही दिला. २१ जानेवारी २०११ रोजी मात्र संपूर्ण बंदीची मागणी याच न्यायालयाने फेटाळली. युरोपीय संघात २००५ पासून बंदी असताना भारतात आयात केलेल्या क्रायसोटाइलचा वापर चालू राहिला.

नियमनाची मर्यादा :
मुंबईतील मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे या उद्योगाची केंद्रे होती. मुंबईतील एका कारखान्याच्या कामगारांमध्ये अ‍ॅस्बेस्टोसिस आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. असा कामगार निवृत्तीनंतर गावी परतला, तर त्याची नोंद कारखान्यात आणि दम मात्र गावात, अशी स्थिती निर्माण होते. तालुक्याच्या दवाखान्यात खोकला व धाप यांचे निदान क्षय वा दमा असे होण्याचा संभव असतो. ‘पूर्वी कोठे काम केले ?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर चाळीस वर्षे जपलेली नोंदही निरुपयोगी ठरते, कारण नुकसानभरपाईचा दावा याच दुव्यावर उभा राहतो.
छपराची बाब याहून वेगळी आहे. अखंड पत्र्यातील तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. पत्रा कापताना, भोके पाडताना वा फोडताना ते मोकळे होतात. वादळात फुटलेले पत्रे बदलणारा शेतकरी किंवा गवंडी कारखान्यातील कामगार नसल्याने कारखानाविषयक कायद्याचे संरक्षण त्याला लाभले नाही.

समारोप :
भारतातील अ‍ॅस्बेस्टॉसचे नियमन प्रामुख्याने कारखान्याच्या फाटकापर्यंत विकसित झाले. निवृत्त कामगार आणि जुना पत्रा हे दोन्ही त्या फाटकाबाहेर पडून गावात येतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर पूर्वीच्या व्यवसायाची नोंद घेणे आणि पत्रे ओले करून, न फोडता उतरविण्याची माहिती ग्रामपंचायतीमार्फत देणे, हे कमी खर्चाचे उपाय १९९५ च्या निर्णयाचा आशय गावापर्यंत पोहोचवू शकतील.