लहान चक्की आणि मोठें जाळें

आपल्या शहरांतील पुष्कळ घरांच्या गच्च्यांवर आतां उन्हापासून वीज करणारीं काळीं-निळीं तावदानें दिसूं लागलीं आहेत. तीं बसविणाऱ्या गृहस्थाला पहिल्याच उन्हाळ्यांत एक चमत्कारिक अनुभव येतो. भर दुपारीं, ऊन रणरणत असतां, रस्त्यावरची वीज जाते; आणि त्याच क्षणीं त्याच्या घरांतला पंखाही थांबतो. गच्चीवरचें यंत्र आपलें, ऊन देवाचें; मग आपला पंखा कां थांबावा? ज्यानें विजेचा सांठा करणारी बॅटरी घेतलेली नाहीं, त्याला हा प्रश्न पडतोच, आणि आपण फसलों असेंही वाटतें. वास्तविक यंत्र बिघडलेलें नसतें. तें आपलें कर्तव्यच करीत असतें. तें कर्तव्य कोणतें, आणि घरगुती विजेनें साऱ्या गांवाच्या जाळ्यांत सामील व्हावें ही रीत कशी पडली, हें समजून घ्यावयाचें तर युरोपांतील डेन्मार्क या चिमुकल्या देशाचा इतिहास पाहिला पाहिजे. तेथें ही गोष्ट उन्हापासून नव्हे, वाऱ्यापासून सुरू झाली.

डेन्मार्क हा सपाट देश. आपल्या सह्याद्रीसारखे कडे तेथें नाहींत, म्हणून खोपोलीसारखें उंचावरून पडणाऱ्या पाण्यावर चालणारें वीजघर उभारण्याची सोय नाहीं. पोटांत कोळसा नाहीं. वारा मात्र मुबलक. १८६४ च्या युद्धांत प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं या देशाचा दक्षिणेकडील मोठा मुलूख घेतला. गेलेल्या भूमीबद्दल शोक करीत बसण्यापेक्षां राहिलेल्या भूमींतील माणूस शहाणा करावा, या भावनेनें त्यानंतर ज्या लोकशाळांना बहर आला, त्यांपैकीं एक नव्या सरहद्दीजवळच्या आस्कोव्ह गांवीं होती. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनीं यावें, शिकावें आणि पुन्हां आपल्या शेतावर जावें, असा तिचा क्रम.

या शाळेंत १८७८ सालीं पॉल ला कूर नांवाचा पदार्थविज्ञानाचा पंडित शिक्षक म्हणून आला. राजधानींतील हवामानखात्यांतील मोठी जागा सोडून तो खेड्यांत आला होता. शहरांत विजेचे दिवे लागूं लागले होते. खेडें अंधारांतच होतें. विजेचें सुख शहरापुरतेंच राहिलें तर खेड्यांतील कर्तींसवरतीं माणसें तिकडेच ओढलीं जातील, हें त्याला दिसत होतें. १८९१ सालीं सरकारी मदत मिळवून त्यानें शाळेच्या आवारांत वीज करणारी पवनचक्की उभारली.

चक्की फिरली, वीज झाली. पण खरी अडचण पुढेंच होती. वारा कोणाच्या सोयीनें वाहात नाहीं. रात्रीं दिवा हवा तेव्हां तो पडतो, आणि पहाटे सारे झोपलेले असतां घोंघावतो. ला कूरनें विजेच्या साह्यानें पाण्याचे घटक वेगळे करून हायड्रोजन वायू सांठविला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. १८९५ पासून सात वर्षें ती शाळा अशा रीतीनें सांठविलेल्या वाऱ्यावर उजळत होती. पण हायड्रोजनमध्यें थोडासा प्राणवायू मिसळला कीं स्फोट होई, आणि शाळेच्या खिडक्यांच्या कांचा नव्यानें बसवाव्या लागत. पुढें बॅटऱ्या आल्या, आणि १९०२ पासून आस्कोव्ह गांवाला चक्कीची वीज मिळूं लागली. खेड्यांतील मुलांना विजेचें काम शिकविण्याचा वर्गही ला कूरनें काढला. १९०४ सालच्या वर्गांत योहानेस यूल नांवाचा सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची गांठ आपल्याला पुढें पडावयाची आहे.

ला कूर १९०८ सालीं वारला. पहिल्या महायुद्धांत तेलाची टंचाई झाली, तेव्हां त्याच्या कामाचें मोल लोकांना कळलें. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारें १२० लहान वीजघरांना पवनचक्क्या जोडलेल्या होत्या. एकेकीची शक्ति २० ते ३५ किलोवॅट. सर्व मिळून देशाला लागणाऱ्या विजेचा सुमारें तीन टक्के भाग त्या पुरवीत. आणि तरी पुढच्या तीसेक वर्षांत हा सारा पसारा मोडला. याचें कारण वारा नव्हे, तर विजेची जात.

वीज दोन प्रकारची. एक सरळ एकाच दिशेनें वाहणारी, जिला डी. सी. म्हणतात. दुसरी क्षणोक्षणीं उलटसुलट होणारी, ती ए. सी. बॅटरींत सांठवितां येते ती पहिली. म्हणून ला कूरच्या परंपरेंतील चक्क्या डी. सी. वीज करीत. उलट, दूरच्या मोठ्या वीजघरांतून तारांवरून मैलोगणती न्यावयास सोयीची ती दुसरी. कोळशावर चालणारीं मोठीं वीजघरें वाढत गेलीं, त्यांचें जाळें खेडोपाडीं पसरलें, आणि गांवामागून गांव ए. सी. विजेवर गेलें. जेथें जाळें आलें, तेथें चक्कीची वीज निरुपयोगी ठरली. कारण तिला त्या जाळ्यांत शिरतांच येईना. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां टंचाई आली, पुन्हां कांहीं चक्क्या उभ्या राहिल्या, आणि युद्ध संपतांच पुन्हां मागें पडल्या. लहान चक्की आणि मोठें जाळें यांचें वैरच आहे, अशी समजूत त्यामुळें दृढ झाली.

ती समजूत योहानेस यूलनें मोडली. आस्कोव्हचा तो मुलगा आतां साठीला आला होता आणि आग्नेय झीलंडमधील एका वीज-कंपनींत काम करीत होता. म्हणजे तो मोठ्या जाळ्याच्याच पदरीं होता. १९४७ पासून त्यानें वाऱ्याचीं मोजमापें घेतलीं आणि १९५० सालीं वेस्टर एगेसबोर्ग येथें एक लहान चक्की उभारली. तिच्या अंगीं बॅटरी नव्हती. तिच्यांत कारखान्यांतील साध्या ए. सी. मोटारीच्या जातीचें जनित्र बसविलें होतें, आणि तें थेट गांवच्या तारांना जोडलें होतें.

यांतील मर्म समजण्यास कठीण नाहीं. पंढरीच्या वाटेवर दिंडी चालली आहे, हजार टाळ एका ठेक्यांत वाजत आहेत. अशा वेळीं नवा वारकरी येऊन मिळतो, तो आपला निराळा ठेका धरीत नाहीं. चाललेला ठेका ऐकतो आणि त्यांत आपला टाळ मिळवितो. विजेच्या जाळ्यालाही असा ठेका असतो. युरोपांत व आपल्याकडे तो सेकंदाला पन्नास आवर्तनांचा आहे. अशा जाळ्याला जोडलेली विशिष्ट बनावटीची मोटार मिनिटाला १५०० फेऱ्यांहून किंचित् कमी वेगानें फिरत असली, तर ती जाळ्यांतून वीज घेते आणि काम करते. त्याच मोटारीला वाऱ्यानें ढकलून १५०० हून किंचित् अधिक फिरविली, तर तीच वीज परत देऊं लागते. देणें आणि घेणें यांत फेऱ्यांचा एवढासाच फरक! ठेका राखण्याची चिंता चक्कीला करावी लागत नाहीं. जाळेंच तिला आवरून धरतें. वारा पडला तर दूरचें वीजघर भार उचलतें. वारा सुटला तर त्या वीजघराचा कोळसा वांचतो. ला कूरला जें कोठार बांधावें लागलें होतें, त्याची गरजच उरली नाहीं.

या मोटारीचा आणखी एक गुण आहे. तिला स्वतःचें चुंबकत्व नसतें. तें ती जाळ्यांतून उसनें घेते. म्हणून जाळें मेलें कीं साधारणतः तीही निमूट होते. पण आवरणारा हात सुटल्यामुळें मोकळी झालेली पातीं मात्र भरधाव फिरूं लागण्याचें भय असतें. यूलनें पात्यांचीं टोकेंच अशीं केलीं कीं वेग मर्यादेबाहेर जातांच तीं आडवीं वळून वाऱ्याला विरोध करीत आणि चक्की थांबे.

१९५७ सालीं फाल्स्टर बेटाच्या दक्षिण टोंकाला, गेडसर येथें, यूलची मोठी चक्की सुरू झाली. तीन पातीं, २४ मीटरांचा व्यास, शक्ति २०० किलोवॅट. दहा वर्षें ती चालली आणि सुमारें २२ लाख युनिट वीज तिनें जाळ्याला दिली. इतकें असूनही, या कामासाठीं नेमलेल्या समितीनें १९६२ सालीं, वाऱ्याची वीज परवडत नाहीं, असा निर्वाळा दिला. त्या वेळच्या तेल-कोळशाच्या भावानें समितीचा हिशेब चुकीचा नव्हता. चूक होती ती आजचा भाव उद्यांही राहील असें धरून चालण्यांत. १९६७ सालीं चक्की थांबली, आणि यूल १९६९ सालीं वारला. आपलें काम फुकट गेलें असेंच त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १९७३ सालीं, तेलाचे भाव भडकले. परदेशी तेलावर जवळजवळ सर्वस्वीं अवलंबून असलेल्या डेन्मार्कचे धाबें दणाणलें. मोठमोठ्या अणुभट्ट्यांच्या योजना निघाल्या. आणि त्याच सुमारास, १९७५-७६ मध्यें, पश्चिम जटलंडमधील क्रिस्टियन रीसागर नांवाच्या एका सुतारानें गेडसरचा कित्ता गिरवून, बाजारांत सहज मिळणाऱ्या साहित्यांतून, २२ किलोवॅटची चक्की बनविली आणि आपल्या घरच्या विजेच्या तारांना जोडली. वारा सुटला, आणि घरांतील मीटरची तबकडी उलटी फिरूं लागली.

ती उलटी फिरणारी तबकडी लहान दिसली तरी तिनें मोठा प्रश्न उभा केला. चक्कीचा धनी म्हणे, मी दिलेलें युनिट आणि मी घेतलेलें युनिट यांत भेद काय? वीज पुरविणारे म्हणत, भेद आहे. खांब आमचे, तारा आमच्या, वारा पडेल त्या रात्रीसाठीं सज्ज ठेवलेलें वीजघर आमचें. तूं आमच्या जाळ्याला आपलें कोठार समजतोस, पण त्याचें भाडें कोण देणार? तें तुझ्या चक्की नसलेल्या शेजाऱ्यानेंच भरावयाचें काय? श्रोतेहो, या वादांत दोन्ही बाजूंस सत्य होतें. यूलनें ठेक्याचा प्रश्न सोडविला होता. हा प्रश्न हिशेबाचा, म्हणजेच न्यायाचा होता, आणि तो कोणत्याही यंत्रानें सुटणारा नव्हता.

डेन्मार्कमधील लोकांनीं तो चर्चेनें सोडविला. १९७८ सालीं चक्कीवाल्यांनीं आपली संघटना स्थापन केली. १९७९ पासून सरकारनें चक्कीच्या किमतीच्या तीस टक्के मदत देऊं केली. १९८४ सालीं विजेचा भाव व तारा जोडण्याचा खर्च यांबद्दल वीज पुरविणाऱ्यांशीं करार झाला, आणि १९९२ च्या कायद्यानें, वाऱ्याची वीज ग्राहकाच्या दराच्या ८५ टक्के भावानें घेतलीच पाहिजे, असें ठरलें. शंभरांतले पंधरा जाळ्याचे, पंचाऐंशी चक्कीचे. हा आंकडा कांहीं वेदवाक्य नव्हे. परंतु दोघांचाही हक्क त्यांत मान्य झाला, हें महत्त्वाचें. ज्यांना एकट्यानें चक्की परवडत नसे, ते शेजारी मिळून भाग घेत. पुढें अशीं सुमारें एक लाख कुटुंबें भागीदार झालीं. गेडसरची थांबलेली चक्कीही १९७७ सालीं दुरुस्त करून, अमेरिकेच्या साह्यानें, मोजमापासाठीं पुन्हां फिरविली गेली. १९८५ सालीं डेन्मार्कच्या लोकसभेनें अणुभट्ट्यांची योजना बाजूस सारली. २०१९ सालापासून त्या देशाच्या विजेच्या खपाइतकी सुमारें निम्मी वीज तेथें वाऱ्यापासून होऊं लागली.

जर्मनीनें असाच कायदा १९९१ पासून अमलांत आणला. आपल्या महाराष्ट्रांत वीज नियामक आयोगानें गच्चीवरील सौर विजेच्या देण्याघेण्याचे नियम २०१५ सालीं केले, आणि २०२४ सालीं केंद्र सरकारनें एक कोटी घरांसाठीं योजना जाहीर केली. मीटर उलटें फिरण्याचा जो प्रश्न एका सुताराच्या घरीं उभा राहिला, तो आतां आपल्या घरोघरीं येत आहे. दुपारीं दिलेली आणि संध्याकाळीं घेतलेली वीज एकाच मोलाची मानावी काय, तारांचा खर्च कोणीं किती सोसावा, हे वाद आपल्याकडेही चालू आहेत आणि चालूच राहतील. त्यांत एका बाजूला लबाड आणि दुसऱ्या बाजूला भोळा ठरविण्याची घाई करूं नये.

आणि आतां त्या थांबलेल्या पंख्याविषयीं. गच्चीवरील तावदानांची वीज डी. सी. जातीची, तिला ए. सी. करणारें उपकरण, ज्याला इन्व्हर्टर म्हणतात, तें सतत जाळ्याचा ठेका ऐकत असतें. ठेका बंद पडतांच तें आपला टाळ मुद्दाम थांबवितें. कारण वीज गेली म्हणजे कोणी तरी तारवाला खांबावर चढलेला असूं शकतो. मुख्य वीज बंद केली आहे, या भरंवशावर तो तारेला हात घालतो. त्या वेळीं एखाद्या गच्चीवरून तारेंत वीज आली, तर तो जिवंत खालीं उतरणार नाहीं. आपला पंखा भर दुपारीं थांबतो तो त्या अनोळखी माणसासाठीं.

जाळ्यांत सामील होणें याचा अर्थ हा असा आहे. वारा पडल्यावर जाळें आपल्याला सांभाळतें. जाळें पडल्यावर आपण गप्प राहावयाचें असतें. ला कूरला खेड्यांत दिवा हवा होता, यूलनें त्या दिव्याला ठेका शिकविला, सुताराच्या मीटरनें हिशेब मागितला. तो दिवा आतां आपल्या गच्चीवर आला आहे. त्याच्याबरोबर आलेलें देणेंही आपण समजून घेतलें, तर पंखा थांबल्यावर कोणाला शिव्या न देतां आपण खिडकी उघडूं.