लाइटवाल्याला रंगमंच कधी दिसला?

एकांकिका स्पर्धेत पहिल्यांदा लाइट ऑपरेट करायला बसलो, तेव्हा प्रत्येक फेडरखाली, म्हणजे दिवा कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीखाली, कागदी टेपवर पेनने लिहिलेलं होतं: ‘खिडकी’, ‘ओटा’, ‘आजीची खुर्ची’. वरच्या ओळीत चालू प्रसंग, खालच्या ओळीत पुढचा. एक मास्टर वर सरकवायचा, दुसरा खाली आणायचा, की दुपारची संध्याकाळ व्हायची. समोरच्या काचेतून अख्खा रंगमंच दिसत होता. नटी खुर्चीकडे वळली की बोट आपोआप हलायचं. हे दिसणं तेव्हा मी गृहीतच धरलं होतं. लाइटवाल्याला ते फार उशिरा मिळालं.

१८१७ साली लंडनच्या ड्रुरी लेन आणि लायसियम या थिएटरांत रंगमंचावर गॅसचे दिवे लागले. त्याआधी मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे, म्हणजे प्रत्येक वातीशी हात न्यायला हवा. गॅस नळीतून येतो, म्हणून सगळ्या नळ्यांच्या तोट्या एका जागी आणता आल्या. हे गॅस टेबल आजच्या लाइट बोर्डाचा मूळपुरुष. फूटलाइटची तोटी वेगळी, विंगांची वेगळी, वरच्या रांगांची वेगळी. तोटी जरा जास्त आवळली तर ज्योत विझायची आणि पुन्हा उघडल्यावर नुसता गॅस सुटायचा. त्यासाठी बारीक ज्योत तेवत ठेवणारी निराळी नळी टाकत.

२८ डिसेंबर १८८१ रोजी लंडनच्याच सॅव्हॉय थिएटरात रंगमंचावर विजेचे दिवे लागले. मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा मलमलीत गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला. मलमल जळली नाही. आगीची भीती अशी घालवली, पण दिवे मंद करणाऱ्याची जागा मात्र पुढे कित्येक वर्षं विंगेतच राहिली. कारण साधं होतं. दिव्याकडे जाणारा सगळा प्रवाह तो कमी-जास्त करणाऱ्या डिमरमधून जायचा आणि दांडा त्या डिमरलाच जोडलेला. अवजड, तापणारी यंत्रं प्रेक्षागृहात नेणार कशी? मग विंगेत उभं राहून, खुणेचा दिवा लागला की दांडा ओढायचा. आपण केलेला सूर्यास्त आपल्यालाच दिसायचा नाही.

या कुळातला मला सर्वांत प्रिय माणूस फ्रेडरिक बेंथम. लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीतला हा तरुण सिनेमागृहातल्या ऑर्गनवर लुब्ध होता. वादक एका जागी बसतो आणि दूरच्या नळ्या गातात, मग दिवे का नाही? १९३५ साली त्याने कॉम्प्टन कंपनीचा ऑर्गनचाच कन्सोल घेऊन त्यावरून दिवे चालवले. डिमर दूर, एका फिरत्या दांड्याला लागून. स्वर दाबला की विद्युतचुंबकी क्लच डिमरला त्या दांड्याशी जोडायचा. बदल किती वेगाने व्हावा ते पायाखालचं पेडल ठरवायचं. संगीताच्या तालावर तो नुसत्या रंगांचे प्रयोग करायचा. प्रकाश वाजवायची गोष्ट आहे, हे त्याने हातापायांनी सिद्ध केलं, आणि आजही चांगला ऑपरेटर फेडर सरकवताना वादकासारखाच दिसतो.

१९४७ साली अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज आयझनूर यांनी थायरट्रॉन नावाच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे डिमर उभे केले. बोर्डातून आता फक्त क्षीण प्रवाहाचा इशारा जायचा, मोठा प्रवाह दूरचे डिमर सांभाळायचे. बोर्ड त्यामुळे हलका झाला, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला नेता येऊ लागला. पुढचे प्रसंग आधीच लावून ठेवायची सोयही त्यात होती.

ब्रॉडवेवर मात्र विंगेतले, उभ्या पियानोएवढे ‘पियानो बोर्ड’ टिकून होते. १९७५ साली ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर यांनी स्मृती असलेला संगणकीय बोर्ड आणला. पूर्वी दांडे ओढायला अनेक हात लागत, ते काम एका बटणावर आलं. बटण दाबायचा क्षण मात्र अजून कोणाला तरी रंगमंचाकडे बघतच ठरवावा लागतो. माझ्या त्या एकांकिकेत आजी खुर्चीत टेकली, की मगच.