केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही (सीईआयआर)

चोरीस गेलेला वा हरवलेला मोबाइल संच देशातील सर्व दूरसंचार जाळ्यांवर बंद करणारी केंद्रीय दूरसंचार विभागाची प्रणाली. सी-डॉट (पहा) या संस्थेने ती विकसित केली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रायोगिक वापर महाराष्ट्रात सुरू झाला. मे २०२३ पासून ‘संचार साथी’ संकेतस्थळाद्वारे ती देशभर उपलब्ध आहे.

संचाची ओळख १५ अंकी आयएमईआय क्रमांकावरून पटते. *#०६# डायल केल्यास तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या संचाला असे दोन क्रमांक असतात. पोलीस तक्रारीची प्रत जोडून अर्ज केल्यावर संच बंद होतो, मात्र पोलिसांना त्याचा माग काढता येतो. संच परत मिळाल्यास बंदी उठवता येते. क्रमांकात फेरफार करणाऱ्यास दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या बंदीने संचातील माहिती पुसली जात नाही व वाय-फायही थांबत नाही. माहितीच्या रक्षणासाठी पडदाकुलूप, सिम-पिन आणि दूरस्थ पुसणी (→ माहिती सुरक्षा) हे उपाय वेगळे योजावे लागतात.

रेल्वेतील चोरीत ही बंदी विशेष उपयोगी पडते. उदा., वर्धा जिल्ह्यात वर्धा–सेवाग्राम परिसरात मुंबई–हावडा व दिल्ली–चेन्नई लोहमार्ग मिळतात. त्यामुळे येथे गाडीत चोरलेला संच काही तासांत परराज्यात जाऊ शकतो. बंदी देशव्यापी असल्याने तेथेही ती लागू राहते. रेल्वेतील चोरीची तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे (पहा) नोंदवतात.