स्वीडिश सिनेमा बघायचाय? सांगलीकरांनी सर्कशीपासून सुरुवात करावी

स्वीडिश सिनेमा म्हटलं की पहिलं नाव येतं इंगमार बर्गमनचं (१९१८-२००७). बरेच जण त्याच्या ‘पर्सोना’पासून (१९६६) सुरुवात करतात, अर्ध्या तासात गोंधळतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून देतात. सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला याहून सोपी वाट आहे. तिचं नाव ‘सॉडस्ट अँड टिन्सेल’ (१९५३).

ही गोष्ट एका फिरत्या सर्कशीची. पहाटेच्या अंधुक उजेडात घोडागाड्यांची रांग एका गावाकडे निघालेली असते. मालक अल्बर्टकडे पैसे उरलेले नाहीत, आणि सोडून दिलेली बायको-मुलं याच गावात राहतात. खेळासाठी कपडे उसने मागायला तो नाटक कंपनीकडे जातो, तर नाटकवाले त्याचा पाणउतारा करतात. हा मानापमान सांगलीला परका नाही. विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ १८४३ मध्ये इथंच झालं. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे याच जिल्ह्यातल्या अंकलखोपचे, आणि देवलांची सर्कस म्हैसाळची. तरी सांगली ओळखली जाते ती नाट्यपंढरी म्हणून. सर्कशीच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही.

पुढचा सिनेमा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७). मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार सगळ्यांनी मीममध्ये पाहिलेला असतो. पण सिनेमाचा जीव आहे प्लेगच्या साथीत गाडी घेऊन गावोगाव खेळ करणारं एक कलाकार जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ. पुसेगावच्या यात्रेत तमाशाचे तंबू पाहिलेल्यांना, कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव ऐकलेल्यांना ही माणसं लगेच ओळखीची वाटतील. दोन्ही सिनेमे दीड तासाच्या आसपासचे आहेत.

त्याच वर्षीच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मधले म्हातारे डॉक्टर म्हणजे व्हिक्टर शोस्ट्रॉम. ‘द फँटम कॅरेज’ (१९२१) हा गाजलेला मूकपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता.

एवढ्याशा देशात असे सिनेमे बनत राहिले त्यामागे एक व्यवस्थाही होती. १९६३ मध्ये स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सरकारनं सिनेमावरचा करमणूक कर काढला आणि त्याऐवजी तिकिटाच्या पैशातले १० टक्के या संस्थेकडे वळवले. त्यातून दर्जेदार सिनेमांना मदत मिळू लागली.

आजच्यांपैकी रॉय अँडरसन कॅमेरा जवळजवळ हलवतच नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. रुबेन ऑस्टलंड मात्र पहिल्याच बैठकीत पकडतो. त्याच्या ‘द स्क्वेअर’ (२०१७) आणि ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ (२०२२) या दोन्ही सिनेमांना कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तरी आधी बघावा तो ‘फोर्स मॅज्युर’ (२०१४): बर्फाचा कडा अंगावर येतोय असं दिसताच बाप बायको-मुलांना टाकून पळतो, पण फोन उचलायला विसरत नाही. संकट टळतं, खरा सिनेमा त्यानंतर, नवरा-बायकोच्या भांडणात सुरू होतो.

मुबीसारख्या ॲपवर असे सिनेमे येत-जात असतात. सबटायटल्स बहुतेक इंग्रजीच मिळतात.